चिनी कपाटाचा वापर शून्य

मार्चमध्ये प्राचार्यांनी माझ्या टेबलावर एक यादी आणून ठेवली आणि सही करा म्हणाले. यादीचं नाव निर्लेखन. ग्रंथालयातली जी पुस्तकं फाटली, कसरीनं खाल्ली किंवा कोणी वाचत नाही, ती दप्तरातून कमी करायची आणि रद्दीत घालायची, याला सरकारी मराठीत निर्लेखन म्हणतात. एकोणतीस वर्षं ग्रंथपाल आहे मी. अशा याद्या मीच करत आले. पण ही यादी माझी नव्हती. ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं काढली होती, आणि तिच्यात एकाच कपाटातली एकेचाळीस पुस्तकं ओळीनं उभी होती. प्रत्येकासमोर कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते: वापर शून्य.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ते कपाट म्हणजे आमच्या कॉलेजातलं चिनी कपाट. चीनमधल्या विचारांचा इतिहास, चिनी कविता, आणि चीन सोडून परमुलखात पोट भरायला गेलेल्या माणसांची आयुष्यं, या तीनच विषयांची पुस्तकं त्यात आहेत. अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी. तापीच्या सपाटीवर, ऊस, केळी आणि पपईच्या मधोमध असलेल्या कॉलेजात असलं कपाट कुठून आलं ते सांगते, पण आधी प्राचार्य काय म्हणाले ते सांगू द्या, नाहीतर माझं डोकं शांत व्हायचं नाही.

"ताई, हाई चायना मालनं कपाट आठे कसाले? गॅरंटी नही, वारंटी नही!" असं म्हणून ते स्वतःच हसले.

हा विनोद मी शिपायापासून संस्थेच्या संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलाय. प्रत्येकाला वाटतं तो आपणच पहिल्यांदा केला. प्राचार्य माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, माझ्या माहेरच्या शेजारगावचे, म्हणून कॉलेजात आम्ही दोघं एकमेकांशी अहिराणीत बोलतो, आणि भांडतोही अहिराणीतच.

"कधी उघाडीसन देखं का?" मी विचारलं.

"काय देखानं त्यान्हामा? तठे बॉर्डरवर काय चाली ऱ्हायनं ते टीव्हीवर देखतस ना तुम्ही? आनि आपन त्यासना पुस्तकं संभाळी ऱ्हायनूत."

बॉर्डरबिर्डर काही नव्हतं. जूनमध्ये मूल्यांकन समिती येणार होती, आणि कपाट हललं की त्या कोपऱ्यात चार संगणक मांडून फोटो काढता येणार होता. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. मी सही केली नाही. त्यांनी यादी तिथंच ठेवली आणि वर पेपरवेट ठेवून गेले.

आता कपाटाबद्दल. ते एका प्राध्यापकांनी दिलं. ते इथलेच, नदीकाठच्या एका गावातल्या शेतकरी घरातले. दूरच्या विद्यापीठात इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि गावी परत आले, एकटेच. भावकीला वाटलं, आता माणूस शेत बघेल. त्यांनी शेत भावाच्या हाती दिलं आणि ओसरीवर चिनी पुस्तकं वाचत बसले. गावात त्यांना चिनी मास्तर म्हणायचे, तेही तोंडावर. आमच्या ग्रंथालयात ते वर्तमानपत्रं चाळायला यायचे. एकदा मी विचारलं, सर, एवढे देश सोडून चीनच का? म्हणाले, तिथल्या शिकलेल्या लोकांनी शेकडो वर्षं एकाच प्रश्नावर डोकं फोडलं: राज्य करणारा चुकत असेल तर शिकलेल्यानं काय करायचं? कोणी तोंडावर बोलला आणि सरहद्दीवर फेकला गेला. कोणी नोकरी सोडून भाजीपाला लावत बसला. कोणी गप्प राहिला आणि मोठ्या पदाला चढला. "आणि तिघांनीही कविता लिहिल्या," म्हणाले. "आपल्याकडे तिसऱ्या प्रकारचेच फार, आणि तेही कविता लिहीत नाहीत." मी हसले, ते हसले नाहीत.

ते गेल्यावर त्यांच्या पुतण्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुस्तकं आणून दिली. मी एकेक नोंदवलं, कपाटाला आतून कागद लावला, आणि त्या माणसाबद्दल मनात इतका आदर होता की प्रत्येक पुस्तकावर लाल शिक्का मारला: संदर्भ, घरी नेण्यास मनाई. पुस्तक हरवू नये, कोणाच्या घरी त्यावर चहा सांडू नये, एवढाच हेतू. म्हणून वापर शून्य. कॉम्प्युटर फक्त घरी नेलेली पुस्तकं मोजतो. खिडकीजवळच्या बाकावर बसून कोणी तीन वर्षं वाचलं तर ते त्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी हे मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मंग शिक्का त तुम्हीच मारेल शे. कंप्युटरले कसाले दोस?"

त्यांचं खरं होतं. समोरच्याचं खरं असलं की मला जास्त राग येतो, हा माझा जुना दोष आहे. मी मग त्यांना त्याच कपाटातल्या एका पुस्तकातली हकीकत ऐकवली. एका चिनी बादशहानं देशभरातली पुस्तकं गोळा करवली, त्यांची प्रचंड मोठी यादी करवली, शेकडो पंडित त्या कामाला लावले. आणि यादी करणाऱ्या त्याच पंडितांनी नको वाटलेली हजारो पुस्तकं बाजूला काढून जाळून टाकली. जाळणारे कोणी अडाणी शिपाईगडी नव्हते, चांगली शिकलेली माणसं होती, वळणदार अक्षरात नोंदी करणारी. हे सांगताना माझा आवाज इतका चढला की बाहेर उभा असलेला हेडक्लार्क आत डोकावला. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही पुरावा द्या. कोणीतरी वाचलं याचा लेखी पुरावा. समिती बसवतो, तिच्यासमोर ठेवा. मग कपाट राहील." ऑफिसची मराठी त्यांच्या तोंडात आली म्हणजे विषय संपला असं समजायचं.

पुरावा म्हणून वाचनालयाच्या हजेरीच्या वह्या काढल्या. वहीत नाव, वेळ आणि सही असते, कोण काय वाचत होतं ते नसतं. पण नावं बघताना मला त्या कपाटासमोर बसणारी सगळी मुलं आठवली. बहुतेक सगळी डोंगरातली. सपाटीवरची पोरं ग्रंथालयात येतात ती गाइड आणि जुन्या प्रश्नपत्रिका न्यायला. डोंगरातली मुलं वसतिगृहात दाटीनं राहतात, तिथं बसायला जागा नाही, म्हणून ती आमच्याकडे येऊन जे हाताला लागेल ते वाचतात. एक नाव पानोपानी होतं, तीन वर्षं, जवळजवळ रोज.

ती मुलगी तोरणमाळच्या मागच्या उतारावरच्या एका पाड्यातली. आठ-नऊ वर्षं झाली त्याला. घरची भाषा पावरी. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जायचे आणि होळीला परत यायचे. अंगानं लहानशी, पण बोलायला लागली की समोरच्याचा मुलाहिजा ठेवायची नाही. तिनं पहिल्यांदा हातात घेतलं ते हिंदी पुस्तक समुद्रापलीकडे रेल्वेचे रूळ टाकायला गेलेल्या चिनी मजुरांवरचं होतं. चार दिवसांनी ते घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, यात चूक आहे."

"छापलेल्या पुस्तकात?"

"यात सगळीकडे गडी परमुलखात जातो आणि बाई घरी बसून वाट बघते. आमच्यात बाई बसत नाही. मुकादम कोयता मोजतो. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकट्या गड्याला तो टोळीत घेत नाही. वाट बघायला मागं कोण राहतं? म्हातारी आणि मी."

"अगं, ते चीनमधलं आहे. तोरणमाळचं नाही."

"मग तिथं रुळांखालची खडी कोण वाहत होतं? एकही बाई नव्हती?"

उत्तर येत नसलं की मी जे करते तेच केलं. जागेवर बस म्हटलं.

दुसऱ्या वर्षी ती विचारांच्या इतिहासाकडे वळली. एकदा भर वाचनालयात ती मोठ्यानं हसली. मी ओठांवर बोट ठेवत तिच्यापाशी गेले. तिनं एक परिच्छेद दाखवला. त्या देशात गावोगावची बोली वेगळी आणि कचेरीची, पुस्तकांची भाषा वेगळी. साहेब व्हायचं तर पोरानं वीस-वीस वर्षं ती पुस्तकांची भाषा घोकायची, परीक्षा द्यायच्या. आणि पास होऊन घरी आला की तो काय बोलतो ते त्याच्या आईला कळायचं नाही. "मॅडम, पहिलीत मला बाईंनी पाणी आण म्हटलं, मी खडू आणून दिला होता," ती म्हणाली आणि परत हसायला लागली. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. मी म्हटलं, बाकीच्यांना त्रास होतोय.

तिसऱ्या वर्षी कविता. जुन्या चिनी कवितांचा एक जाड हिंदी संग्रह आहे कपाटात. सरहद्दीवर पाठवलेले अधिकारी, नदीच्या घाटावर एकमेकांना निरोप देणारे मित्र, थंडी, डोंगर, घरची आठवण. तो संग्रह घेऊन ती संध्याकाळच्या सुमारास बाहेरच्या पायऱ्यांवर बसायची. मांडीवर पुस्तक, एका हातात पेन्सिल, कानाला बटणांचा जुना फोन. मी तिला धारेवर धरलं. संदर्भाचं पुस्तक दाराबाहेर नेतेस? ती म्हणाली, आत फोन लागत नाही. मी म्हटलं, फोन करायला पुस्तक कशाला लागतं? ती म्हणाली, "बाबांना विचारते." काय विचारतेस, हे मी विचारलं नाही. पुस्तक आत आण आणि मग पाहिजे तेवढं बोल, असं म्हणून मी आत आले.

हे सगळं हजेरीच्या वह्या समोर ठेवून आठवत होते आणि एकदम उठलेच. पेन्सिल! ती मुलगी सतत पुस्तकांत काहीतरी लिहायची. ओळींखाली, कडेला, दोन कवितांमधल्या मोकळ्या जागेत. बारीक अक्षर, देवनागरीच, पण मला अर्थ लागायचा नाही. कोणी वाचलं याचा याहून लेखी पुरावा कुठला असणार? मी धावत कपाटाकडे गेले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी दुखले नाहीत. आता या प्राचार्याच्या नाकासमोर पानं धरते, म्हटलं. वापर शून्य म्हणतो काय!

कवितासंग्रह उघडला. तिचं अक्षर कुठंच नव्हतं. मजुरांचं पुस्तक उघडलं. तिथंही नव्हतं. विचारांचा इतिहास, दोन्ही खंड, तिथंही तिचं काही नाही.

आणि मग मला आठवलं.

दर मे महिन्यात, परीक्षा संपल्या की, वार्षिक पडताळणी असते. पंख्याखाली मोठं टेबल ओढायचं, पाळीनं दोन-तीन कपाटं रिकामी करायची, पुस्तकं नोंदवहीशी ताडायची, धूळ झटकायची, डांबराच्या गोळ्या बदलायच्या. आणि पानांवर कोणी काही लिहिलं असेल तर पुसायचं. हे शेवटचं काम नियमात आहे, पण कुठल्याही कॉलेजात कोणी करत नाही. मी करते. माझ्याकडे त्यासाठी वेगळं मऊ खोडरबर आहे, चुरा झाडायला रंगकामाचा ब्रश आहे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी एकदा शेऱ्यात लिहिलं होतं की इतकी स्वच्छ पुस्तकं त्यांनी जिल्ह्यात पाहिली नाहीत. तो शेरा मी झेरॉक्स काढून घरी ठेवलाय. ती मुलगी पदवी घेऊन गेली त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी चिनी कपाट काढलं होतं. आठवडाभर पुसत होते. काय हे गिचमीड, ना धड मराठी ना हिंदी, असं पुटपुटत होते, हेही आठवलं. मनगट दुखलं म्हणून घरी जाऊन मलम चोळलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी डबा खाल्ला नाही. राग कोणावर काढायचा ते कळेना. प्राचार्यांवर महिनाभर काढत आलेच होते, तो आयता तयार होता, म्हणून मी तोच चालू ठेवला. पुस्तकात नसलं तर काय झालं, म्हटलं, माणूस तर आहे! ती मुलगी येऊन समितीसमोर सांगेल, मी वाचली ही पुस्तकं. मग बघते.

तिचा नंबर शोधायला तीन दिवस गेले. धडगावकडच्या एका आश्रमशाळेत ती शिक्षिका झालीय, पहिली-दुसरीला शिकवते. मी नाव सांगताच ती ओरडली, "मॅडम! ते कपाट आहे अजून?"

मी म्हटलं, आहे, पण टाकायला निघालेत. सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली, येते. आणि मग तिनं आपण होऊन पुढचं सांगितलं.

तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी तोडीच्या अड्ड्यावरच तापानं गेले. शाळेत कधी न गेलेला माणूस, पण इंदलच्या उत्सवात गाणारा, पाड्यातले लोक त्यांना लांबून बोलवायला यायचे. कॉलेजात असताना ती चिनी कविता हिंदीतून वाचून पावरीत करायची आणि अडलं की बाबांना फोन लावायची. तिकडे ते दिवसभराची तोड संपवून खोपटासमोर बसलेले असायचे. ती तिचा शब्द सांगायची, ते म्हणायचे, हा शाळेतला शब्द झाला, असं कोणी बोलत नाही. मग स्वतःचा शब्द द्यायचे. कधी दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणायचे, कालचा खोड, हा घे. आजूबाजूचे तोडवाले पण मध्ये बोलायचे. एका कवितेत बर्फ होतं. ती म्हणाली, आपल्याकडे बर्फ कुठं? बाबा म्हणाले, थंडीत तोरणमाळला पहाटे खोपटाच्या गवतावर दव गोठतं, त्याला आपल्यात शब्द आहे. तो त्यांनी सांगितला. तिनं तो लिहून घेतला.

"तो शब्द मला आता आठवत नाही, मॅडम. असे खूप आहेत. मी दिवसभर मराठीत शिकवते, माझ्याच तोंडातून निघून गेले. आईला विचारलं, ती म्हणते तो तुझ्या बाबाकडचा शब्द, त्याच्या आजाकडून आलेला, मला येत नाही. माझ्या वर्गातली पोरं पहिल्या दिवशी नुसती बघत बसतात. मला त्यांना बाबांच्या शब्दांत त्या कविता म्हणून दाखवायच्यात. तेव्हा वही नव्हती माझ्याकडे वेगळी, सगळं त्या पुस्तकांतच लिहिलंय. बरं झालं तुम्ही घरी न्यायला बंदी केलीत, नाहीतर हरवली असती."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य सोपं होतं: मी ते पुसलंय. मी म्हणाले, "गुरुवारी अकराला ये."

याला भित्रेपणा म्हणतात, दुसरा शब्द नाही. मी मनाशी म्हणत होते की आधी कपाट वाचू दे, मग तिला सावकाश सांगू, समोरासमोर. खरं कारण एवढंच की फोनवर तिचा आवाज इतका आनंदी होता की मला तो माझ्या हातानं बंद करायचा नव्हता.

गुरुवारी ती आली. पहाटे निघून दोन जीपा बदलून, घाटातली धूळ अंगावर घेऊन. साधी सुती साडी, खांद्याला शाळेची पिशवी. समितीत प्राचार्य, इंग्रजीचे एक प्राध्यापक, वाणिज्यचे एक आणि मी. मी तिला दारातच गाठायचं ठरवलं होतं, पण प्राचार्यांनीच उठून तिला खुर्ची दिली. त्या दिवशी ते फार चांगले वागले, हेही मला लिहायला हवं.

"तुम्ही ही पुस्तकं वाचलीत?"

"हो सर. जवळजवळ सगळी हिंदी, आणि इंग्रजी चार."

"याचं काही लेखी आहे का?"

"लेखी तर पुस्तकातच आहे," ती म्हणाली आणि हसली. उठून कपाटाकडे गेली, तिसऱ्या खणात हात घातला आणि न शोधता कवितासंग्रह काढून आणला. टेबलावर ठेवून तिनं पान उघडलं. मग पुढचं. मग भराभर पुढची. मग परत पहिल्यापासून.

"मॅडम, ही दुसरी प्रत आहे का?"

"एकच प्रत आहे," मी म्हणाले.

"मग?"

"मी पुसलं. पडताळणीत. तू गेलीस त्या मे महिन्यात."

मग प्राचार्य माझी बाजू घेऊन तिला म्हणाले, "बाई, नियमच तसा आहे. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहायचं नसतं. मॅडमनी त्यांचं काम केलं." महिनाभर ज्या माणसाशी मी भांडत होते, तो माझ्यासाठी उभा राहिला. मला त्याचा इतका संताप कधी आला नव्हता.

"तुम्ही चूप बठा," मी म्हणाले, समितीसमोर, अहिराणीत.

तिनं पुस्तक उचललं आणि खिडकीशी जाऊन पान उजेडात तिरपं धरलं. खूप वेळ बघत होती. "रेघा उमटल्यात," ती म्हणाली. "अक्षर लागत नाही." मग तिचं बोट पानाच्या वरच्या कडेला गेलं आणि तिथंच थांबलं.

"हे कोणी लिहिलंय?"

"कपाट देणाऱ्या प्राध्यापकांनी."

"हे पण पेन्सिलनंच आहे."

"हो."

"हे राहिलंय."

हे मी आतापर्यंत लिहायचं टाळत आले. त्या पुस्तकांवर प्राध्यापकांची टिपणं आहेत, मराठीत, जवळजवळ प्रत्येक पानावर. मी ती एकही पुसली नाही. मे महिन्यात मी त्यांच्या अक्षरांच्या कडेकडेनं, रबराची कोर धरून, जपून तिचं पुसत गेले होते. काही ठिकाणी दोघांचं लिखाण एकमेकांना लागून होतं, तिथं मी त्यांच्या अक्षरांवर कागदाची पट्टी ठेवली होती. ती पोरकट गिचमीड आणि ही एका विद्वानाची टिपणं, यात मला एका क्षणासाठीही शंका आली नाही. नियमात असा फरक नाही. नियमात पेन्सिल म्हणजे पेन्सिल. फरक मी केला.

"ते तुम्हाला वाचता येत होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

तिनं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. प्राचार्यांनी यादीवरच्या चिनी कपाटाच्या ओळींवर काट मारली आणि बाजूला विशेष संग्रह असं लिहून सही केली. बाकीच्या दोघांनीही केल्या. माझ्यापुढं कागद आला तेव्हा मीही केली. जिंकले म्हणायचं तर मी जिंकले होते. एकेचाळीसच्या एकेचाळीस पुस्तकं तिथंच आहेत. जूनमध्ये येणारी समिती त्यांचा फोटोही काढेल बहुतेक.

चहा आला, तो तिनं घेतला नाही. दोनची जीप आहे म्हणाली. मी तिच्यामागून फाटकापर्यंत गेले. आमच्या घरच्या शेतातही दर हिवाळ्यात डोंगरातली माणसं ऊस तोडायला येतात, बांधाला खोपटं घालून चार-चार महिने राहतात, आणि पाणी, गाडी, मोळी यापलीकडे मी त्यांच्याशी कधी काही बोललेले नाही. एवढी वर्षं या जिल्ह्यात काढली आणि पावरीतलं एक वाक्य मला येत नाही. आणि ही पोर तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर बसत होती. काय लिहितेस गं, एवढं विचारायला किती वेळ लागला असता?

फाटकाशी मी म्हटलं, "तो शब्द, दवाचा. पहिलं अक्षर तरी आठवतंय का? मी शोधते. तोरणमाळला जाते, म्हाताऱ्या माणसांना विचारते."

ती थांबली. पहिल्यांदा तिच्या तोंडावर राग दिसला, आणि मला बरं वाटलं, निदान तो तरी माझ्या ओळखीचा होता.

"मॅडम, आठवत असता तर मी आले असते का?"

जीप भरलेलीच होती. मागच्या बाकावरच्या बायकांनी सरकून तिला जागा केली आणि तिच्याशी पावरीत काहीतरी बोलल्या. तीही बोलली. जीप सुरू होईपर्यंत मी तिथंच उभी राहून ऐकत होते, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं.